मऊ ते सगळं लिक्विड

उधना, सुरत
८ नोव्हेंबर

अक्का,

इथूनच पाया पडतो. तिकीट काढलं. १७ जानेवारी, सुरतेहून थेट दुबई. उषा येत नाही. विमानात कान दुखतात असं तिला कुणीतरी सांगितलंय, आणि वर कारण काय, तर तुझ्या फ्लॅटमधल्या कुंड्यांना पाणी कोण घालणार! तेव्हा मी एकटाच. चौसष्टाव्या वर्षी पहिला पासपोर्ट आणि पहिलं विमान. बँकेत लोकांच्या पासपोर्टच्या झेरॉक्सवर सह्या करून रिटायर झालो, आता स्वतःचा फोटो पाहतो तर तो कर्ज बुडवणाऱ्या माणसासारखा आलाय.

आता मुद्द्याचं. मी तुला भरीत आणतोय. बामणोदची वांगी पांडेसऱ्याच्या बाजारात यायला लागली. सुकलाल आठवतो ना? यावलकडचा, मिलमधली पाळी संपली की हिवाळाभर चौकात भरीत विकतो तो. अजून तुराट्यांच्या जाळावरच वांगी भाजतो, गॅसला हात लावत नाही. त्याला म्हटलं, दुबईला न्यायचंय. तर हसत सुटला. "भाऊ, दुबईना इमानमा आपलं भरीत?"

मोठ्या बॅगेत नाही ठेवणार. जूनमध्ये तू गेलीस तेव्हा तुझी बॅग दोन दिवस उशिरा आली आणि उषाच्या पुरणपोळ्यांना बुरशी धरली, ते ती अजून विसरली नाही. डबा हातातल्या पिशवीत, माझ्या मांडीवर.

आणि तू फोन का उचलत नाहीस? सप्टेंबरपासून हेच चाललंय. निखिलला विचारलं की आई झोपलीय, आई खाली फिरायला गेलीय. काल तोच म्हणाला, "मामा, आईला मेलवर मोठं पत्र लिहा, तिला आवडेल." म्हणून हे पत्र. पण खरं सांगू का, मला तुझ्याशी बोलायचंय. ज्वारीच्या हुरड्याचा पोंक सुरू झालाय, नदीकाठी स्टॉल लागलेत, आणि ते तुला सांगायला फोन लावला तर नुसती रिंग वाजत राहते.

अविनाश


दुबई
१२ नोव्हेंबर

चि. अवि,

तुला आणि उषाला माझे खूप आशीर्वाद. निखिलने मला कॉम्प्युटरवर मराठी टाइप करायला शिकवलं. जोडाक्षरांशी झटापट होते. पस्तीस वर्षं नगरपालिकेच्या शाळेत पोरांना जोडाक्षरं शिकवली, आता ती माझ्यावर सूड घेतात.

फोनचा मला कंटाळा आलाय रे. फोनवर तू बोलतोस आणि मी हो हो करते. पत्रात निदान माझी पाळी येते. आपण पत्रंच लिहू. तुला काय काय वाटतं ते नीट सविस्तर लिही. पोंकाबरोबरची लिंबू-मिऱ्याची शेव आली का बाजारात?

भरीत मात्र आणू नकोस. जूनमध्ये मी सिक्युरिटीच्या रांगेत उभी होते तेव्हा माझ्या पुढच्या बाईंच्या पिशवीतून लोणच्याची बरणी काढली. बाई चांगल्या घरातल्या, पण अशा भांडल्या की मीच खाली पाहिलं. तुझं तसं होऊ नये. शिवाय हल्ली मी साधंच जेवते. तिखटाची फारशी इच्छा होत नाही.

आणि अवि, जानेवारीऐवजी एप्रिलमध्ये आलास तर? निखिल आणि रश्मी दोघांना जानेवारीत ऑफिसचं फार काम असतं. तुझ्याकडे लक्ष द्यायला कुणी नसेल.

अक्का


उधना, सुरत
२० नोव्हेंबर

अक्का,

तुझं पत्र उषाने आणि मी दोघांनी वाचलं. उषा म्हणाली, "अक्कांनी आजवर कुणालाही येऊ नको म्हटलेलं नाही."

शेव आली. मिऱ्याची, लाल मिरचीची, सगळी आली.

वर राहणाऱ्या श्रीरंगला भेटलो. कापडाच्या धंद्यासाठी तो महिन्याआड दुबईला जातो. त्याच्यासमोर डबा ठेवला. तो म्हणाला, "काका, परदेशी विमानात शंभर मिलीच्या वर लिक्विड चालत नाही." मी म्हटलं, भरीत काय लिक्विड आहे? "काका, त्यांच्या लेखी मऊ ते सगळं लिक्विड." मी त्याला चमचा उभा करून दाखवला. सुकलालच्या भरतात चमचा उभा राहतो, अक्का, पडत नाही. श्रीरंग म्हणाला, "तिथे हे नका दाखवू." पण मला वाटतं, समजावून सांगितलं तर ती माणसंही ऐकतील.

तिखटाची इच्छा होत नाही म्हणतेस, ती आपलं सावदा गाव सोडून माणूस दूर गेला की होत नाही. डबा उघडून तो धूर नाकात गेला ना, की आपोआप होईल. भरीत आधी नाकाने खायचं असतं, हे लहानपणी मला तूच सांगितलं होतंस.

आता जे मनात आहे ते लिहितो. रश्मीला मी आलेलं नको असेन तर तसं स्पष्ट लिही. तुझ्या सुनेचं घर आहे, तिची अडचण मी समजू शकतो. मी एखाद्या लॉजवर राहीन आणि दिवसा तुला भेटून जाईन. नाहीतर तिकीट रद्द करतो. राग नाही. पण तू माझ्याशी असं दुरून बोलू नकोस. आपण दोघंच उरलोय.

अविनाश


दुबई
९ डिसेंबर

चि. अवि,

उत्तराला उशीर झाला. दोनदा लिहून पुसलं.

पहिलं हे, की रश्मीबद्दल पुन्हा असं मनात आणू नकोस. सप्टेंबरमध्ये ती सगळी रजा घालवून माझ्यापाशी हॉस्पिटलात बसली होती. तुझा फोन आला की निखिलने खोटं बोलायचं, हेही मीच ठरवलं. दोघांनाही ते मान्य नव्हतं.

मी सुरतेहून निघाले तेव्हा माझा आवाज बसलेला होता, आठवतं? तू म्हणालास, एसीत बसून होतं असं. इथे आल्यावरही तो सुटेना. ऑगस्टमध्ये डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं. स्वरयंत्रावर गाठ होती, आणि साधी नव्हती. सप्टेंबरमध्ये त्यांनी स्वरयंत्र पूर्ण काढलं. गाठ सगळी निघाली, पुढे आणखी काही करावं लागणार नाही, असं ते म्हणतात. तेव्हा घाबरू नकोस. मी बरी आहे. फिरते, वाचते, निखिलच्या शर्टाची बटणं लावते.

पण मला आवाज नाही, अवि. गळ्यापाशी एक भोक केलंय, श्वास तिथून घ्यायचा. त्यावर पातळ रुमाल बांधते. म्हणून फोन नाही. आता तुला कळलं.

तुला का नाही सांगितलं? तू धावत आला असतास आणि सारखा बोलत राहिला असतास. घाबरलास की तू फार बोलतोस. मला ते ऐकून उत्तर देता आलं नसतं. आणि दुसरं, उधन्यात मी ज्यांना शिकवलं त्यांची आता लग्नं झाली, पोरं झाली. भाजी घ्यायला गेले की अजून कुणी ना कुणी "बाई!" म्हणून हाक मारतं आणि माझं खणखणीत "काय गं?" ऐकायला थांबतं. मी काय करणार तिथे, मान हलवणार? गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र मिळालंय. त्यातून येतो तो आवाज इथल्या लिफ्टमधल्या बाईसारखा वाटतो. एकदा लावलं आणि कपाटात ठेवून दिलं.

तेव्हा मी सुरतेला परत येत नाहीये. तुला जमेल तेव्हा माझा फ्लॅट कुणाला द्यायचं बघ. कुंड्या उषाने घेऊन जाव्यात.

आणि भरताबद्दल. नाकातून श्वासच जात नसल्यामुळे मला वास येत नाही. कशाचाच नाही. फोडणी, उदबत्ती, पावडर, काही नाही. आणि वास नसला की चवही निम्म्याहून जास्त जाते. तू विमानातून मांडीवर घेऊन आणलेलं भरीत माझ्या तोंडात चिखल होईल. तू समोर बसून माझ्या तोंडाकडे पाहशील, आणि "छान झालंय" असं खोटं बोलायलाही मला आवाज नाही.

यायचं असेल तर ये. आता येऊ नको असं म्हणत नाही. पण मला पाहून दचकू नकोस. आणि तो डबा आणू नकोस.

तुझी अक्का


उधना, सुरत
१० डिसेंबर

अक्का,

तुझं पत्र उषाला वाचून दाखवायला बसलो, जमलं नाही. तिने मग स्वतः वाचलं आणि बराच वेळ देवापाशी बसली. आत्ता उठून तुझ्या कुंड्यांना पाणी घालायला गेली आहे. सकाळीच घातलं होतं.

मी येतोय. आधी ठरलं त्याच दिवशी. फ्लॅटबद्दल कुणाशी बोलणार नाही. मी तिथे आल्यावर आपण पाहू. रश्मीला सांग, तिच्या मामेसासऱ्याने चुकीचं लिहिलं, आणि त्याला त्याची लाज वाटतेय.

डब्याबद्दल आत्ता काही लिहीत नाही.

अवि


सुरत विमानतळ, गेटपाशी
१७ जानेवारी

अक्का,

विमानाला अजून अवकाश आहे. मोबाइलवर टाइप करतोय, चुका झाल्या तर लाल शाईने खुणा कर. तुला भेटायच्या आधी हे लिहून टाकतो, कारण समोर आल्यावर मी भलतंच बोलत बसेन.

डबा आणला होता. तुला आवडणार नाही हे ठाऊक होतं. सकाळी सुकलालकडे गेलो तर तो म्हणाला, "बहिणीले सांगा, पहाटे भाजेल शे." त्याला आजाराचं काही सांगितलं नव्हतं. उषाने डबा कपड्यात बांधला, वेगळ्या डब्यात ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या दिल्या. दारात मला म्हणाली, "विचारलं तर सांगा चटणी आहे." म्हणजे आणखीच पंचाईत.

मशीनमधून पिशवी गेली, थांबली, मागे आली, पुन्हा गेली. वर्दीतली एक तरुण मुलगी आली. "अंकल, इसमें क्या है?"

"बैंगन का भरीत."

तिने झाकण उघडलं. अक्का, तो धूर त्या सगळ्या ट्रेंवर पसरला. शेजारचा माणूस कमरेचा पट्टा काढता काढता थांबला. तीही क्षणभर थांबली. मग म्हणाली, "ये पेस्ट है. नहीं जाएगा."

श्रीरंगने बजावलं होतं तरी मी चमचा उभा केला. "देखो, खडा है. पेस्ट में खडा रहेगा?" ती हसली नाही. तिने डबा दोन्ही हातांनी धरून जरासा तिरका केला. चमचा उभाच राहिला, पण कडेने तेल सरकलं. ते तेल आम्ही दोघांनी पाहिलं. मी म्हटलं, ठीक आहे.

उषा केव्हाच घरी गेली होती. मोठी बॅगही गेली होती. ती मुलगी म्हणाली, फेकावं लागेल, किंवा वेळ आहे तर इथेच बसून खाऊन घ्या. भिंतीशी एक बाक होता तो तिने दाखवला. पुऱ्या कडक, त्यांना कुणी हात लावला नाही.

बसलो आणि खायला लागलो. पहिले दोन घास नेहमीसारखेच खाल्ले. मग मला तुझं वाक्य आठवलं, चिखल होईल. म्हटलं पाहू तरी. डाव्या हाताने नाक घट्ट दाबलं आणि तोंडात घास घातला.

धूर गेला. एकदम गेला, दिवा घालवावा तसा. मी खरंच घाबरलो. पण चावत राहिलो. मीठ लागलं. मग मिरची, आधी जिभेच्या कडेला आणि नंतर घशात. मग दाताखाली शेंगदाणा आला. कांद्याची पात करकरली. खोबऱ्याचा तळलेला काप होता, त्याला चावायला जरा जोर लागला. पुरीची कड कुडकुडली. वांगं नुसतं मऊ, थंड, त्याला काही म्हणणं नव्हतं. पण बाकीचे सगळे होते.

तसाच नाक दाबून खात राहिलो. ती मुलगी जवळ आली. "अंकल, खराब हो गया है क्या?"

"नहीं बेटा. मेरी बहन को अब वास नहीं आता. ऑपरेशन हुआ. देख रहा हूँ, उसको कैसा लगता होगा."

तिला घाई होती, रांग वाढली होती. तरी ती थांबली. "कैसा लगता है?"

मी म्हटलं, "कम लगता है. पर लगता है."

तिने मान हलवली आणि गेली. थोड्या वेळाने कुणाकडून तरी पाण्याचा ग्लास पाठवला. डबा रिकामा केला. एकट्याने अर्धा किलो भरीत खाल्लंय, विमानात माझं काय होईल ते देव जाणे.

तेव्हा चिखल होत नाही, अक्का. तू खोटं लिहिलंस असं म्हणत नाही. तू धूर शोधत खाल्लं असशील, म्हणून चिखल लागला असेल. तुझ्याकडे आल्यावर मी करतो. वांगं कमी, शेंगदाणे भरपूर, पात कच्ची आणि वरून घालायची. घरात कांद्याची पात आहे का ते रश्मीला विचार. नसेल तर वाटेत घेऊ.

बोर्डिंगची हाक आली वाटतं. सगळे एकदम उठले आहेत.

अवि


दुबई
२७ फेब्रुवारी

चि. अवि,

सुखरूप पोचल्याचं तुझं पत्र मिळालं. तू गेल्यावर घर फार शांत झालं. गंमत म्हणजे तू असतानाही ते शांतच होतं. पहिल्या दिवशी विमानतळापासून घरापर्यंत तू अखंड बोललास, मी ओळखलं की घाबरलायस. दुसऱ्या दिवशी मी पाटीवर लिहून विचारलं, चहा घेणार का? तर तू माझ्या हातातून खडू घेतलास आणि खाली लिहिलंस, "अर्धा कप." रश्मी हसून हसून खाली बसली. मग तुझा तो नादच झाला. तुझं अक्षर अजूनही वाईट आहे.

तू केलेलं भरीत मी दोनदा वाढून घेतलं, ते तुला बरं वाटावं म्हणून नव्हतं. आता रश्मीही तसंच करते. शेंगदाणे जास्त, पात वरून. मी धूर शोधत नाही. काय कुरकुरतं, काय करकरतं तिकडे लक्ष ठेवून जेवते. जेवायला आता मला आधीपेक्षा वेळ लागतो, पण जेवण होतं.

ते यंत्र कपाटातून काढलं. तू मला त्याबद्दल एक शब्द बोलला नाहीस, म्हणून काढलं. बोलला असतास तर नसतं काढलं. खालच्या दुकानात गेले, गळ्याला लावलं आणि म्हणाले, कांद्याची पात द्या. दुकानदार केरळचा आहे. त्याने वर पाहिलं आणि विचारलं, "वन बंच ऑर टू?" एवढंच. मी घरापर्यंत ती पात हातात धरून आले, पिशवीत टाकायचं सुचलंच नाही. उधन्यात मात्र पोरी इतक्यावर सोडणार नाहीत. विचारतील, रडतील. रडू देत. मग त्यांना सांगेन, नाक पुसा आणि घरी जा, लिफ्टमधल्या बाईच्या आवाजात.

तेव्हा फ्लॅट कुणाला देऊ नकोस. निखिलने तिकीट काढलं आहे, मार्चअखेरचं.

आता कालचं सांगते. माझ्या स्पीच थेरपीच्या बाईंनी एक व्यायाम दिला होता, तू गेल्यावर सुरू केला. ओठ मिटायचे आणि आतल्या आत जांभई द्यायची. जबडा खाली, जीभ खाली, पुन्हा पुन्हा. त्याने नाकात थोडी हवा ओढली जाते, आणि काहींना वास परत येतो म्हणे. सगळ्यांना नाही. रोज सकाळी मी लवंग, कापूर, कॉफी पुढे घेऊन बसायची आणि मिटल्या तोंडाने जांभया द्यायची. निखिल म्हणायचा, आई, तू वर्गात बसलेल्या आमच्यासारखी दिसतेस. काही येत नव्हतं. मी कंटाळले होते, पण सवय लागली होती, कुठेही जांभई द्यायची.

काल दुपारी रश्मी दूध गॅसवर ठेवून फोनवर बोलत होती. मी बाहेरच्या खोलीत उषाने तुझ्याबरोबर पाठवलेल्या शालीची घडी घालत होते. तशीच एक जांभई दिली. आणि काहीतरी आलं. मला आधी कळेना काय आहे ते. डोळ्यांच्या मागे टोचल्यासारखं, कडवट. पुन्हा जांभई दिली. पुन्हा आलं. अवि, दूध लागलं होतं! रश्मीच्या आधी, निखिलच्या आधी, मला कळलं. मी उठून आत गेले आणि गॅस बंद केला. पातेल्याच्या तळाला काळं धरलेलं, सगळीकडे धूर. मी पातेल्यावर वाकून, तोंड मिटून, वेड्यासारखी जांभया देत उभी राहिले.

निखिल धावत आला. "आई, काय झालं? बाजूला हो, किती जळलंय, खिडकी उघडतो."

मी त्याला खिडकी उघडू दिली नाही.

तुझी अक्का